तीन नंबरची खुंटी

पर्स? पर्स तर तुमच्या खांद्याला आहे, मॅडम. ही काय. मग आत कोणती राहिली — दुसरी? बरं, चष्मा म्हणा, तर तोही डोक्यावर आहे. पाण्याची बाटली या हातात, फोन त्या हातात. मग उरलं काय राहायला? नाही, ढकलू नका, हा पुसायचा दांडा मी मुद्दाम आडवा धरलाय, आणि फरशीवर आत्ताच फिनेल टाकलंय, पाय घसरून पडाल आणि माझ्याच अंगाशी येईल. पाटी दिसते ना पिवळी? 'सफाई चालू आहे.' एक, दोन आणि चार नंबर मोकळे आहेत, हवं त्यात जा. तीन बंद. तीनला मी बाहेरून किल्ली लावलीय — आमच्याकडे ही चौकोनी किल्ली असते, आत कुणी चक्कर येऊन पडलं तर दार उघडायला — ती बाहेरून लावताही येते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. किल्ली या मुठीत आहे. आणि तीनमध्ये काय राहिलंय तेही मला माहीत आहे. बसा. त्या बाकावर बसा.

ओरडणार? ओरडा की. मी काही तोंड दाबलेलं नाही. पण ओरडलात की कोण येईल? गेटवरचे दोघं पहारेकरी येतील, तिकीट तपासणारी येईल, शिवाय बोटीला अजून वेळ आहे म्हणून बाहेर बसलेली सगळी मंडळी माना वर करून बघतील. आणि विचारतील, काय झालं? मग तुम्ही काय सांगणार — ही बाई मला तीन नंबरात जाऊ देत नाही? चार नंबर रिकामा असताना? म्हणून तर आल्यापासून तुम्ही इतक्या हळू बोलताय. एरवी तुमचा आवाज केवढा आहे, मला माहीत आहे. गेटवर परवानगीचा कागद दाखवायला गेलात, हात कमरेला गेला, आणि कमरेला काही नाही — असंच झालं ना? तोंडचं पाणी पळालं असेल. त्याला काय सांगून आलात? काहीतरी सांगितलंच असेल, सांगण्यात तुम्ही हुशार आहात. मला म्हणालात 'ए, ऐक, सरक जरा.' आता 'ताई' झाले मी. पाच मिनिटांत 'ए' ची 'ताई' — बढती चांगलीच मिळाली म्हणायची.

नाही, मी हात लावलेला नाही. ते आधी सांगते, नीट ऐकून घ्या, कारण पुढे विचारतील. दाराला लावला, किल्लीला लावला, बस. पिस्तुलाला नाही, पट्ट्याला नाही, भिंतीलासुद्धा नाही. जसं तुम्ही टांगलंत तसंच खुंटीवर आहे, पट्ट्यासकट, मूठ भिंतीकडे. हात लावायचा नसतो, हे मी शिकलेय. फार महागात शिकलेय. सापडलेलं शस्त्र उचलायचं नाही, जागा बंद करायची, दुसऱ्या कुणाला आत सोडायचं नाही — हे तुमच्याच पुस्तिकेत आहे, कलम तेरा, सर्वसामान्य नागरिकांनी काय करावे. तुम्ही वाचलीय का हो ती कधी? 'कर्तव्यावर नसताना प्रवासात शस्त्र बाळगण्याबाबत नियम.' निळ्या पुठ्ठ्याची, बावीस पानं. मला पाठ आहे. कलम चार, साध्या कपड्यांत असताना शस्त्र दिसणार नाही असे अंगावर बाळगावे. पाच, ओळखपत्र आणि वरिष्ठांची लेखी परवानगी जवळ असावी. सहा, दारू पिऊ नये. आणि सात — सात माझं लाडकं आहे — शस्त्र अंगावेगळे करू नये, बॅगेत ठेवू नये, नैसर्गिक विधीसाठी पट्टा सोडावा लागल्यास शस्त्र मांडीवर अथवा उतरवलेल्या कपड्यांत धरावे, खुंटीस, पाण्याच्या टाकीवर किंवा जमिनीवर ठेवू नये. म्हणजे बघा, कुणीतरी मोठा साहेब टेबलाशी बसला आणि त्याने हे लिहिलं. संडासात कसं बसायचं ते लिहिलं. का लिहिलं? कारण तुमच्यासारख्या पुष्कळ जणांचं विसरून झालेलं होतं. मी इतकी वर्षं हे काम करते — बायका अंगठ्या विसरतात, दात विसरतात, एकदा एक बाई चक्क झोपलेलं बाळ त्या बाकावर विसरून बोटीपर्यंत गेली होती. पण कमरेचं पिस्तूल? ते फक्त तुम्ही लोक विसरता. आम्हाला विसरायला नसतंच ते.

मला कुठून पाठ? कोर्टातून. माझ्या वकिलाने — कोर्टाने फुकट दिलेला होता, त्याच्या कोटाची एक बाही नेहमी उसवलेली असायची — त्याने ती पुस्तिका न्यायाधीशांपुढे वाचली होती, निदान दोन पानं तरी, मग जेवणाची सुट्टी झाली. निकालानंतर मी ती त्याच्याकडून मागून घेतली. तो म्हणाला, काय करणार आहेस हिचं? मी म्हटलं, वाचीन.

आता बघताय माझ्याकडे. आत्तापर्यंत माझ्या दांड्याकडे बघत होतात. बघा, नीट बघा, घाई नाही. तेव्हा केस लांब होते माझे, आत गेल्यावर उवा झाल्या म्हणून कापले ते पुन्हा वाढवले नाहीत. वजनही जास्त होतं. नऊ वर्षं झाली. मी तेव्हा बोटीवर होते कामाला, हीच ये-जा करणारी बोट, पांढरी मोठी. तळमजल्यावरची बायकांची दोन टॉयलेटं माझ्याकडे. हां. आठवलं. तुमच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

तुम्ही टाकीवर ठेवलं होतंत. मी आत गेले फडकं घेऊन, आणि ते टाकीवर, साबणाच्या शेजारी. माझी तर पाचावर धारण बसली. आणि मी काय विचार केला सांगू? हसाल तुम्ही. मला वाटलं, बिचारीची नोकरी जाईल. हो, हेच वाटलं. त्याआधी जिना चढताना तुमचं जाकीट जरा वर झालं होतं, मला पट्टा दिसला होता, म्हणून माहीत होतं कुणाचं ते. एक बाई पोलीस आहे, एवढ्या मोठ्या जागी पोचलीय, याचं कौतुक होतं मला. मी ते पिवळ्या फडक्यात गुंडाळलं आणि पळत सुटले. तीन जिने. वरच्या डेकवर तुम्ही चहा पीत होतात, मी समोर आले, धापा टाकत, आणि फडकं सुटलं. बस, तेवढंच. एक बाई किंचाळली, कप पडला कुणाचा तरी, बोटीचा अधिकारी धावत आला, आणि सगळ्यांनी बघितलं की सफाईवालीच्या हातात पिस्तूल आहे. तुमचा हात कमरेला गेला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि म्हणालात, "हिने माझ्या बॅगेतून काढलं."

ते वाक्य मी माफ केलंय. खरंच. माणूस घाबरला की तोंडातून काहीही निघतं, मी पण बोललेय आयुष्यात. पण नंतर तुम्ही बसलात. बोटीच्या कचेरीत बसून, पेन मागून घेऊन, दोन पानं लिहिलीत, दोन्ही बाजूंनी. मी बाहेर बाकावर, हात बांधलेले, काचेतून दिसत होतात. मध्ये थांबत होतात, विचार करत होतात, पुन्हा लिहीत होतात. एकदा खोडलंतसुद्धा. ते मी माफ करू शकत नाही. मी तिथे बसून म्हणत होते, आता खरं लिहितील, आता पुढच्या ओळीत लिहितील. मग तुम्ही पान उलटलंत.

अकरा महिने, मॅडम. जामिनाला उभं राहायला कुणी नव्हतं, कच्ची कैदी म्हणून अकरा महिने. शेवटी काय, तर संशयाचा फायदा देऊन सुटका. निर्दोष नाही — नीट ऐका — संशयाचा फायदा. म्हणजे केलं नसेलही, पण केलं असेलही. बोटीवाल्यांनी मग मला उभं केलं नाही. माझी मुलगी पाच वर्षांची होती, नणंदेने नेली. नणंद वाईट नाही हो, तिच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही मला, पोटच्या पोरीसारखं केलं तिने. पण मी सुटून आणायला गेले तर पोरगी तिच्या मागे लपली. आता चौदाची झालीय. नणंदेला आई म्हणते. आणि मला — मला 'तुम्ही' म्हणते. 'तुम्ही जेवलात का?' 'तुम्ही बसा ना.' फार गुणी आहे, फार नीट बोलते. आईला कुणी 'तुम्ही' म्हणतं का? मघाशी आत असताना तुमचा फोन वाजला, तुम्ही म्हणालात, 'तू गोळी घेतलीस का? हो ग, निघालेच मी.' पातळ दारं आहेत, सगळं ऐकू येतं. म्हाताऱ्या आईला 'ग' म्हणता तुम्ही. मी इथे दांडा धरून उभी होते आणि मला वाटलं, बस झालं आता.

माहीत आहे, आजारी आहे ती. पलीकडच्या काठाला असते, महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी तुम्ही भेटायला जाता, अकरा चाळीसच्या बोटीने. सगळं माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथे आलात ना, तेव्हा ओळखलं मी तुम्हाला, आरशातून. तुम्ही मला नाही ओळखलंत. 'साबण संपलाय' म्हणालात. मी साबण आणून दिला. त्या दिवसापासून तिसरा शनिवार मी कुणाला दिला नाही, बाकीच्या बायका सणासुदीला बदली मागतात, मी म्हणते घ्या, पण हा शनिवार माझा. ताप असताना आलेय. आणि दर वेळी तुम्ही पट्टा टांगायचात. दर वेळी. मी खालून बघितलंय, दाराखालून, तुमच्या पायांत कपडे उतरलेले आणि त्यांत पट्टा नाही, म्हणजे वर टांगलेला. नऊ वर्षांत तेवढंही शिकला नाहीत. पण खुंटी होती दाराला, आतून. कडी काढायला हात गेला की समोर नाकासमोरच पट्टा. विसरणार कशा? म्हणून मग सुताराला म्हटलं, दारं खिळखिळी होतात खुंट्यांनी, भिंतीला मार की, मागच्या बाजूला, टाकीच्या वर — म्हणजे उठलं की पाठ होते तिकडे —

हे काय बोलून गेले मी.

बरं, बोलले तर बोलले. हो, मी हलवली. तीन नंबरचीच, कारण तुम्ही नेहमी तीनलाच जाता, एक नंबरची कडी अडकते आणि दोनला खिडकी आहे. चार महिने झाले. चार वेळा आलात, चारही वेळा वळून घेऊन गेलात, आणि चारही वेळा मी घरी जाऊन जेवले नाही. आज म्हातारीचा फोन आला आणि तुम्ही गडबडीत निघालात. सांगा त्यांना, खुशाल सांगा, हिने खुंटी हलवली म्हणावं. खुंटी हलवणं कुठल्या कलमात बसतं ते मी वाचलेलं नाही. पट्टा कुणी टांगला तेवढं त्यांनी मला सांगावं.

अजून एक सांगते, आता एवढं सांगितलंच आहे तर. तुम्ही बाहेर आलात, त्या आरशापुढे हात धूत होतात, मग केस नीट करत होतात. मी आत गेले. लटकत होतं. आणि मी दार ओढून घेतलं, पूर्ण नाही, एवढी फट ठेवून, आणि आत उभी राहिले. फटीतून तुमची मान दिसत होती. केस वर घेतले होतेत तुम्ही. दोन मिनिटं, तीन असतील. मला चालवता येत नाही, पण या अंतरावरून काय यायला हवं? हातमोजे काढले मी. मग परत घातले. का, ते विचारू नका. चांगली आहे म्हणून नाही. मला वाटलं, हिला मान वळवायलाही वेळ मिळणार नाही, आणि मला तर बघायचंय हिचा चेहरा. आज, इथे, या बाकावर. बघितला.

नको. ते पाकीट आत ठेवा. मला तुमचं काही नको. आणि लिहून देते म्हणताय, तेही नको — तुम्ही लिहिलेलं मी एकदा बघितलंय. नाही, मी कुणाला बोलावलेलं नाही अजून. खरंच नाही. का बोलावू? मी बोलावलं की पुन्हा तेच, एका बाजूला सफाईवाली, एका बाजूला तुम्ही, आणि मधे पिस्तूल. हा खेळ मी खेळलेय. फोन तुम्ही करायचा. कलम अकरा. ऐका, म्हणून दाखवते — शस्त्र गहाळ झाल्याचे लक्षात आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत अधिकाऱ्याने स्वतःहून नियंत्रण कक्षास कळवल्यास, व शस्त्राचा गैरवापर झालेला नसल्यास, लेखी ताकीद देऊन प्रकरण निकाली काढावे. स्वतःहून न कळवल्यास निलंबन. वर घड्याळ आहे बघा, आरशाच्या वर. तुम्ही धावत आलात तेव्हा अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. आता चोवीस झालीत. आठ मिनिटं आहेत. तुमची बोटही त्यात जाईल बहुतेक. म्हातारी वाट बघेल, त्याचं मला वाईट वाटतं, वाटत नाही असं नाही. पण बोट दुपारी आणखी एक आहे.

कळलं ना काय म्हणाले मी? लेखी ताकीद. एक कागद. तेव्हाही हेच कलम होतं, अक्षरन् अक्षर हेच, पुस्तिका त्याच्याही आधीची आहे. त्या दिवशी बोटीवरून तुम्ही एक फोन लावला असता, म्हणाला असतात की टाकीवर विसरले — तर तुम्हाला काय झालं असतं? फासावर नसतं चढवलं. एक कागद मिळाला असता, तुम्ही तो फायलीत ठेवला असता, आणि संध्याकाळी मी घरी जाऊन पोरीच्या वेण्या सोडल्या असत्या. कोठडीत मला वाटायचं, हिचं काहीतरी फार मोठं जाणार असेल, घरदार, पेन्शन, म्हणून हिने केलं असेल. मी तुमची बाजू घ्यायचे मनातल्या मनात. मग सुटल्यावर हे अकरावं कलम वाचलं. त्या रात्री मी खरी तुमची वैरी झाले, मॅडम. त्याआधी नव्हते.

सात मिनिटं. घ्या फोन. आणि आवाज मोठा करा त्याचा, मला ऐकायचंय. मी नऊ वर्षं एका वाक्यासाठी थांबलेय, ते मला पुसट नकोय.

वाजतोय. उचलला.

हां. नाव सांगा, हुद्दा सांगा. जागा. बायकांचं स्वच्छतागृह, तीन नंबर. कुणी ठेवलं, तेही सांगा — तुमच्याच तोंडाने. मोठ्याने. रडू नका, त्याला नीट ऐकू येणार नाही. पुन्हा म्हणा.

झालं. एवढंच होतं की. चार सेकंदसुद्धा लागले नाहीत.

विचारतोय तो काहीतरी, उत्तर द्या. जागा कुणी बंद करून ठेवलीय, तिचं नाव काय. सांगा ना. माझ्याकडे काय बघताय? मला नका विचारू. तुम्हाला माहीत आहे माझं नाव, तुम्ही लिहिलंय ते, दोन पानांत सहा वेळा, वडिलांच्या नावासकट. कोर्टात बोट दाखवून तीनदा घेतलंत. मला तुमचं माहीत आहे, तुमच्या आईचं माहीत आहे, तुमचा बिल्ला नंबर झोपेत विचारला तरी सांगेन. आणि तुम्हाला —

नाही आठवत.

अहो, खरंच नाही आठवत तुम्हाला?

नाही, मी नाही सांगणार. थांबू दे त्याला. म्हणावं, सफाईवाली आहे एक. नाव तुमच्या कागदांत सापडेल, तुमच्याच अक्षरात आहे, काढा म्हणावं शोधून. किल्ली मी आलेल्या माणसांच्या हातात देईन, दोन साक्षीदार उभे करून. तोवर तुम्ही बाहेर थांबा, तिकडे, भिंतीपाशी. इथे नको, इथे लोकांना यायचं असतं. या हो ताई, या आत, दांडा काढते — चार नंबर मोकळा आहे.